सरळ केलेले खिळे

कारखाना बंद पडून चार महिने झाले होते आणि तिच्या घरात कधी नव्हे ते सुख नांदत होतं. दारूला पैसा उरला नव्हता, म्हणून फिटर नवऱ्याचा हातही उठत नव्हता. एक भाजी दोन वेळा पुरवायची आणि दुपारी दोघांनी जमिनीवर बसून, गप्पा मारत, वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे. ज्या पट्ट्याने तो तिची पाठ सोलून काढायचा, तोच कापून त्याने तिच्या बाजाराच्या पिशवीला बंद लावून दिले. जे स्टूल तिच्या अंगावर हाणून त्याने तिच्या दोन बरगड्या आणि स्टुलाचा एक पाय मोडला होता, तेही खिळे मारून उभं केलं. बरगड्या आपल्या आपण जुळल्या होत्या.

आज सकाळी फोरमन दारात येऊन सांगून गेला, "सोमवारपासून या. हातपाय धड असलेला प्रत्येक जण हवाय."

नवरा हरखला. "चार महिने घसा कोरडा पडलाय माझा," तो म्हणाला. मग पिशवीकडे बघून हसला. "आता नवा पट्टा घ्यायला हवा."

"घ्या की," ती म्हणाली. "आधी माळ्यावरची हत्यारांची पेटी तेवढी काढून ठेवा."

"आंघोळ करून आलो की चढतो."

तो आत गेला.



तिने स्टुलाच्या त्या पायातले चारही खिळे पकडीने उपटले, पाय नुसता टेकवून ठेवला, आणि खिळे सरळ करून पुन्हा डब्यात जपून ठेवले.