मेलेल्याचं नाव

१९५२. ब्रॉडवेवर सहा वर्षं नाचून-गाऊन घासल्यावर आर्ची पेलेग्रिनोला पहिला सिनेमा मिळाला, तोही नायकाचा. अट एकच. वॉशिंग्टनहून आलेल्या चौकशी कमिटीच्या साहेबासमोर एखाद्या कम्युनिस्ट मित्राचं नाव घ्यायचं, मगच स्टुडिओ करारावर सही करणार. देशभक्तीचा दाखला तेव्हा असा मिळायचा. आणि ज्याचं नाव घेतलं जाई, त्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नसे.

"मित्राच्या पोटावर पाय देणार तू?" बायको नॉर्मा कडाडली.

"हर्शलचं नाव देतो. आपला तालमीचा पियानोवाला."

"अरे, त्याला जाऊन दोन वर्षं झाली!"

"म्हणूनच तर! मेलेल्याची नोकरी कोण घालवणार?"

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या बंद खोलीत साहेब पेन उघडून बसला होता. आर्चीने कपाळावरचा घाम पुसला आणि एका दमात हर्शलचं नाव सांगून टाकलं.


साहेबाने पेनाला टोपण लावलं. "मिस्टर पेलेग्रिनो, तुमच्याआधी या खुर्चीत अकरा नट बसून गेले, आणि अकराही जणांनी हाच मुडदा उकरला. आता एखादा जिवंत माणूस सांगा."