आचल ऑनलाइन आहे

बायको गेल्याचा फोन अकोल्याच्या दवाखान्यातून घरी राहिलेल्या तिच्याच मोबाइलवर आला. तो चौथीतल्या आमच्या आचलनं उचलला. पुढे त्याच मोबाइलवरून ती शाळेच्या ग्रुपवर अभ्यास पाठवायची. तिथे फोटो आईचाच दिसायचा. एकदा तिनं मोबाइल फडताळात टाकला. मी विचारलं, “काहून वं?” “बाबा, मी ऑनलाइन आली की पोट्टे लिहितात, आचलच्या मायचं भूत आलं.” तिला घेऊन शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, “पालकांशी मी बोलते. आचल, तू ग्रुपवर बोल.” घरी येऊन तिनं मोबाइल काढला, माइक दाबला. “भूत नाही, मी आचल बोलून राहिली. हसायचं असन तर समोर येऊन हसा.” मैत्रीण उज्मानं लिहिलं, “उद्या मी तुह्यापाशी बसन.” मग एकेकाची माफी आली. सकाळी आचल धावतच शाळेत गेली. भुताचं पहिल्यांदा लिहिणारा पोरगा मात्र लाजून घरीच आहे. त्याला शाळेत आणायचं राहिलंय.