दुसरी घागर

देवीदासने ओट्यावर दोन घागरी आणून ठेवल्या आणि मैनाबाईचं डोकंच फिरलं.

"एक तुह्या बापाची. अन् हे दुसरी कोनाची?"

देवीदास घागरीला चिकटलेली राख झटकत बसला. नत्थुजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. अक्षय्यतृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरायची, पुजायची, निवद दाखवायचा, ही तर घरोघरची रीत. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. दुसरी कोणाची, हेही म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. पोराच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, एवढंच.

"शकुनबाईची," तो शेवटी म्हणाला. "चवतीस सालं झाले, माय. शेषरावकाका म्हनतात, बापासंगं तिचीबी भरून टाका एकदाची."

"शेषरावची पोट्टी गेली होती काय? मंग त्याले कायले इचारतं?"

पंधरा वर्षांची शकुन सकाळी मायबापासोबत मूर्तिजापूरच्या बाजारात भाजी विकायला बसली होती आणि दुपारी नव्हती. टोपली स्टेशनाबाहेर सापडली, पोर नाही. पोलीस येऊन गेले, विहिरी धुंडाळून झाल्या, अंगारे-धुपारे झाले. पण या घरात तिला कोणी मेली म्हणायचं नाही, हा मैनाबाईचा हुकूम. घागर भरली की पोर मेलीच. मग तिची वाट पाहायलाही तोंड उरणार नव्हतं.

"भर म्हनतो ना मी! किती दिवस असं लटकत ठेवशीन तिले?" देवीदासचा आवाज चढला, आणि लगेच चिरकला. बहीण गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्यानेही काही कमी वाट पाहिली नव्हती.

तेवढ्यात हर्षा दारात आली. ही देवीदासची लेक, अमरावतीला कॉलेजात शिकते. सणासाठी सकाळच्या एसटीने आली होती. पिशवीतून सांभाराच्या दोन जुड्या काढून तिने आजीच्या सुपात टाकल्या. पुण्या-मुंबईची माणसं याच सांभाराला कोथिंबीर म्हणतात. यंदा विहिरीने तळ दाखवला, त्यामुळे माळ्याच्या घरात सांभार विकत आणायची पाळी आली होती.

"आजी, निवडून ठेवतं काय? मी आलीच आंग धुऊन."

मैनाबाईने रागारागात एक जुडी उचलली, आणि तिचा हात तिथंच थांबला.

सगळ्या काड्यांची मुळं खाली होती. एकच काडी उलटी. तिचं पांढरं मूळ हिरव्या पानांतून वर आलं होतं.

"देवीदास, हे पाह्य."

"काय पाहू? चुकून गेली असन काडी."

मैनाबाईने दुसरी जुडी उचलली. तिच्यातही एक मूळ वर.

अशी जुडी शकुन बांधायची. गावात दुसरं कोणी नाही. उलटी काडी घातली की जुडी सुटत नाही म्हणे. नत्थुजीला ते शहाणपण सोसायचं नाही. ती गेली त्या दिवशी भर बाजारात, गिऱ्हाइकादेखत, त्याच काडीपायी त्याने तिच्या कानशिलात लगावली होती. मग जन्मभर जाईल त्या बाजारात लोकांच्या जुड्या उलटून पाहत फिरला. कोणी विचारलं, तर भाव विचारतो म्हणायचा.

"हर्षे! हा सांभार कोनाजवळून घेतला?"

"अमरावतीच्या बाजारात एक पोट्टी बसते, माह्याच एवढी. काहून?"

"काडी उलटी काहून घातली, इचारलं नाई तिले?"

"इचारलं ना. म्हने, माही माय अशीच बांधते. सुटत नाई."

मैनाबाईने जुडी धरून खसकन झटकली. पाणी उडालं. जुडी सुटली नाही. म्हातारी हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाशी नेऊन ढसाढसा रडली.

देवीदास तिच्याजवळ येऊन बसला. "माय, मनाले इतकं लावून घेऊ नको. जिती असती तं एखादं पत्र तरी धाडलं असतं ना तिनं? दुसऱ्या कोनाले सुचली असन ही तऱ्हा."

"सुचली असन," मैनाबाई डोळे पुसत म्हणाली. "नाई कोन म्हनते? पन गेल्याबिगर कसं समजन? हर्षे, ते पोट्टी आता कधी बसते?"

"बुधवारी अन् शुक्रवारी. आज बुधवार झाला."

"मंग शुक्रवारी जाऊ. तिले म्हनू, तुह्या मायच्या घरी ने आमाले."

देवीदासने मान हलवली. नाही म्हणायला की हो म्हणायला, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने नत्थुजीची घागर पाटावर मांडली, पाण्याने भरली, तिच्या तोंडावर आंबा ठेवला. मैनाबाईने सुपातली एक काडी घेतली आणि मूळ वर करून आंब्याशेजारी उभी केली. दुसरी घागर ओट्यावर रिकामीच होती.

"हे कुंभाराले वापस देऊन येऊ काय?" त्याने हळूच विचारलं.

"वापस कायले? तिथं सावलीत ठेव, रांजनाजवळ. अन् आताच भर."

"आता तं नको म्हनत होती!"

"पूजेले नाई रे बाप्पा, प्याले! नव्या घागरीचं पानी दोन दिवस मातकट लागते. शुक्रवारी आपल्यासंगं कोनी आलं, तं तिले मातकट पानी देशीन काय?"