सरवा

"आणि आता नंबर दोन," सुरेखा मोबाइलकडे बघून गोड हसली. "नदीत तरंगणारी ही मुलगी. बुडतानासुद्धा इतकी सुंदर, की वाचवायचं सोडून माणूस तिच्या भोवतीची फुलंच मोजत बसेल."

दाराशी पायपुसण्यावर बसलेल्या वच्छलाबाईला शिसारी आली. विहिरीतून काढलेली बाई तिनं पाहिली होती. अंगावर एक फूल नव्हतं, आणि त्या विहिरीचं पाणी महिनाभर कुणी तोंडात घेतलं नव्हतं.

सकाळच्या एसटीनं ती पिशोरहून चिकलठाण्याला, मालकांच्या नव्या बंगल्यावर आली होती. मालकीणबाई आपल्या लाडक्या चित्रांचा व्हिडिओ करत होत्या. दीडशे वर्षांपूर्वीची युरोपातली चित्रं, त्यांच्या नकला भिंतीभर टांगलेल्या. गरजवंताला अक्कल नसते, म्हणून वच्छलाबाई ऐकत बसली.

काम साधंच होतं. मालकांच्या पिशोरच्या वावरातली अद्रक निघाली होती. मातीत राहिलेले तुकडे मग गावातल्या बाया वेचून नेतात. तो सरवा. त्यावर उन्हाळ्याचा किराणा निघतो, आणि सरव्याला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. यंदा बांधावर तारेचं कुंपण आलं होतं. उद्या रोटाव्हेटर फिरला की सगळं मातीत जाणार. बाकीच्या बायांनी हिला बोलकी म्हणून पाठवलं होतं.

"आणि नंबर एक!" सुरेखा मोठ्या चौकटीपाशी गेली. "फ्रान्सच्या ह्या तिघी. कापणीनंतर सांडलेली कणसं वेचतायत. वाकण्यातही काय डौल आहे! मी रोज ह्यांच्यासमोर चहा पिते, आणि कंबर माझी दुखते."

वच्छलाबाई न राहवून उठली आणि चित्राजवळ गेली. एका बाईचा एक हात जमिनीला, दुसऱ्या हातातली जुडी पाठीवर. तिसरी अर्धवट सरळ झालेली. काढणारा माणूस वावरात उभा राहिलेला दिसत होता. त्या घरात तिला पहिल्यांदाच काहीतरी आवडलं.

"आन् ह्यो लांब घोड्यावरचा कोण?"

"मुकादम असेल. लक्ष ठेवायला."

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सोफ्यावर मोबाइल बघत बसलेल्या मालकाकडे, कृष्णाकडे वळून तिनं सरळ विचारलं, "दादा, रोटा एक दिवस थांबवा. बायांना सरवा येचू द्या."

"तुम्ही बाया घुसता आन् ठिबकच्या नळ्या तुडवता. नाय जमायचं."

"नळ्या तर गुंडाळून शेडात ठेवल्यात. मीच गुंडाळल्या."

"एकदा नाय म्हणलं ना." त्यानं मान वर केली नाही.

आपल्या ज्या हातानं मातीतून अद्रक उपसली, तोच हात आता ह्याला नको झाला, हे तिला कळलं. तिनं सुरेखाकडे पाहिलं. बाई चित्र जाणते, बाईचं दुःखही जाणत असेल.

सुरेखा तिला न्याहाळतच होती. "वच्छलाबाई, जरा ह्या चित्राखाली वाकून उभ्या राहता का? अगदी ह्यांच्यातल्याच दिसाल. एकच फोटो."

ते सगळं घरच वच्छलाबाईला घाण वाटलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ह्या तिघींना निदान वावरात तरी येऊ दिलंय."

ती दाराशी गेली. तिची एक चप्पल कुणाच्या तरी पायानं सरकून कपाटाखाली गेली होती. एक हात कमरेवर ठेवून ती वाकली आणि दुसऱ्या हातानं चप्पल ओढायला लागली.

मागं खटकन आवाज झाला.

"हं," सुरेखा नवऱ्याला म्हणाली, "बघ, किती नॅचरल आलीये."