मीटरमागं चार बोटं

"चार बोटं! मीटरमागं चार बोटं लेस फुकट वाटते ही पोट्टी, अन् वरून तोंड असं करते का जशी चूक माहीच!"

कांताबाईंचं हे गाऱ्हाणं तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या गल्लीला पाठ झालं होतं. लेस, गोटा, सॅटिनची रिबन, शाळेच्या प्रोजेक्टला लागणारा क्रेप कागद, जे जे म्हणून गुंडाळीवर येतं ते त्यांच्या दुकानात मिळायचं. मोजायचं काम कांताबाईंचं. एक टोक नाकाच्या शेंड्याला, दुसरं ताणलेल्या उजव्या हाताच्या चिमटीत. झाला एक मीटर. शाळा चौथीतच सुटलेली, पट्टीवरचे बारीक आकडे त्यांना कधी रुचले नाहीत. पण चाळीस वर्षांत त्यांचं माप कमी भरलं असं म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. सबंध दुकानात त्यांना अभिमान कशाचा असेल तर या एका हाताचा.

मोजून झालं की कापायची सून, मंजिरी. अन् मंजिरीची कात्री सासूच्या चिमटीजवळ कधी थांबायचीच नाही. एक मीटर असेल तर चार बोटं पुढे. पाच मीटर असतील तर चांगली हातभर पुढे.

हे सुरू झालं दोन वर्षांपूर्वी. कांताबाई बूढ़ापाऱ्यात मुलाच्या स्कूटरवरून पडल्या, उजव्या कोपराला प्लास्टर लागलं, अन् दीड महिना दुकान सुनेच्या हाती गेलं. "दीड महिना गल्ल्यावर काय बसली, शिंगं फुटली तिले," कांताबाई शेजारणीला सांगायच्या. मंजिरीला शंभरदा बोलून झालं. ती हो म्हणायची, मान डोलवायची, अन् कात्री पुन्हा पुढेच.

आता तर हद्द झाली. सकाळी गुढ़ियारीचा सुतार मंजिरीच्या सांगण्यावरून येऊन काउंटरवर एक लाकडी घोडा ठोकून गेला. आडव्या सळयांवर ओळीनं गुंडाळ्या, प्रत्येकीची जीभ एका फटीतून बाहेर. ओढा, पितळी खुणेपर्यंत आणा, खालच्या दातेरी पात्यावर झटका द्या. मीटर तयार. ना गुंता, ना गुंडाळी घरंगळत रस्त्यावर. शेजारचा पानवाला दोनदा पाहून गेला, वा वा म्हणून गेला.

कांताबाईंनी मात्र त्याला हात लावला नाही. मोजणंही लाकडानंच करायचं, तर या दुकानात आपलं काय उरलं? भिंतीवर ह्यांच्या फोटोशेजारी आपल्या फोटोचा एक खिळा.

दुपारी भैय्यालाल टेलर आला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. कांताबाईंना हवा तसा पंच मिळाला.

"रुक भैय्यालाल. आज तेरे सामने फैसला होगा."

त्यांनी घोड्यातून मरून रंगाची लेस ओढली, पितळी खुणेवर कापली, अन् तोच तुकडा नाकाला लावून हातावर ताणला. चिमटीच्या पुढे चार बोटं लेस लोंबत राहिली.

"पाह्य! यंत्रही हिच्याच माहेरचं दिसते! तितकंच उधळं!"

 मंजिरी गुंडाळीवरची धूळ पुसत राहिली.

भैय्यालालनं गळ्यातला टेप काढला, लेस काउंटरवर सरळ केली, टेप लावला. मग परत लावला.

"पूरा एक मीटर हे अम्मा. न कम, न जादा."

"असं कसं?" कांताबाईंनी पुन्हा हात ताणला. या वेळी लेस पाहिली नाही, हात पाहिला. कोपर अडलं होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी ते खाली दाबलं. दुखलं, पण सरळ झालं नाही.

 कांताबाई स्टुलावर बसल्या. दोन वर्षं. किती साड्यांचे काठ, किती फ्रॉकचे घेर, लग्नाच्या किती ओढण्या. प्रत्येकीत चार-चार बोटं कमी. लोक घरी जाऊन काय म्हणाले असतील? म्हातारी शेवटी शेवटी चोरी शिकली, हेच ना? 

"भैय्यालाल," त्या टेपकडे पाहत म्हणाल्या, "सच बोल. दो साल में मेरी लेस कभी कम पड़ी?"

टेलर हसला. "नइ अम्मा, कभू नइ घटिस. तुँहर दुकान के लेस ल मैं दुबारा नापँव घलो नहीं."

कांताबाईंनी डोळे मिटले. कधीच नाही. हा तर दुसऱ्यांदा मोजूनही पाहत नव्हता. विहिरीतून वर काढल्यासारखा त्यांनी श्वास घेतला. मग त्यांनी हळूच मान वळवली. सून अजून तीच गुंडाळी पुसत होती.

"मग हे लाकूड काहून आणलं?" त्यांनी विचारलं. "चालूनच राहिलं होतं न सगळं."

"परवा मी वर्ध्याला चालली न, आई," मंजिरी खाली पाहूनच म्हणाली. "मम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. महिनाभर कात्रीवर कोण बसेल?"

भैय्यालालला यातलं काही कळलं नाही. तो लेस घेऊन, पैसे ठेवून निघून गेला.

कांताबाईंनी पदरानं आधी डोळे पुसले, मग उगाचच काउंटर. उठल्या. घोड्यातली रिबन ओढून पाहिली, सोडली. अन् गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाल्या,

"आगाऊ पोट्टी! माह्या पोटची असती तर पहिल्याच दिवशी माह्या हाताचं चार लोकांत बोलून मोकळी झाली असती. तू आपली सूनच राह्य!"