पिवळ्या ठिपक्यांचा दगड

"हा दगड तूच हालवला, नथ्थू. खोटं बोलू नको."

मुनाफ पेंटरनं कॅमेऱ्याची तिपाई जमिनीवर आपटली नाही, एवढंच. नथ्थू मेथीच्या वाफ्यात पाणी सोडत होता. त्यानं फावडं टेकवलं, आधी दगडाकडे पाहिलं, मग मुनाफकडे.

"कायले हालवू मी? दोन मानसाबिगर हालते काय तो?"

दगड नथ्थूच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होता, अर्धा मातीत रुतलेला. गेल्या नोव्हेंबरात मुनाफनं त्यावर तीन पिवळे ठिपके काढले होते, तिपाईच्या तीन पायांसाठी. तेव्हापासून दर महिन्याच्या पंधरा तारखेला तो अनसिंगहून स्कूटरवर यायचा आणि सूर्य उगवताना इथूनच एक फोटो काढायचा. समोर विहीर, विहिरीपाशी वाळकी बाभूळ, मागे टेकडी. पाठीमागून पहिलं ऊन आलं की टेकडी हळदीत न्हायल्यासारखी दिसायची.

आजचा फोटो तेरावा आणि शेवटचा. तो पहिल्याशी हुबेहूब जुळला, तरच वर्ष पूर्ण होणार होतं. मग हे सगळे फोटो वाशिमच्या प्रदर्शनात लागणार होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवणाऱ्या मुनाफनं पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची पाटी रंगवली होती. तीही आठवडाभर आधी. उतावळा माणूस.

त्यानं खिशातून पहिला फोटो काढून नथ्थूच्या नाकासमोर धरला.

"पाह्य. टेकडी बाभळीच्या वर हाय का नाई? आता समोर पाह्य. बाभूळ वर, टेकडी खाली. दगड पुढं सरकला की जवळचं झाड मोठं दिसते. तुले एक वाफा वाढवायचा होता, म्हनून ढकलला."

"तुह्या डोक्यात फरक पडला काय रे?"

नथ्थूची बायको पंचफुला बांधावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तिनं मध्येच तोंड घातलं. "मुनाफभाऊ, औंदा टेकडीची सावलीबी उशिरा येते. सांजच्याले भाजी कापाले बसा, तं ऊन तोंडावर."

"भाभी, सावली काय घड्याळ पाहून येते काय?" मुनाफ खेकसला. बाईमाणसावर तो असा कधी ओरडत नसे, पण आज त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्यात ऊन आलं. हे ऊन पाच मिनिटं टिकतं, कोणाची भांडणं मिटेपर्यंत थांबत नाही. मुनाफनं घाईघाईनं कॅमेरा चढवला आणि दात ओठ खात फोटो काढला.

कॅमेरा त्याच्या मुलानं, अरसलाननं, पहिल्या कमाईतून घेऊन दिला होता. अरसलानचा स्वतःचा टिपर होता, रात्रभर रस्त्याच्या कामावर चालायचा. बापानंही कसर ठेवली नव्हती. त्या टिपरच्या कपाळावर फिरोजी पट्टा मारून, पोरानं सांगितली ती अक्षरं त्यानं तीन दिवस बसून लिहिली होती. बाप पहाटे निघायचा तेव्हा पोरगा घरी यायचा. दारातच म्हणायचा, "अब्बा, तळ्यावर जात जा ना. तेच ते टेकाळ काय पाहता?" आज मात्र बाप निघाला तरी तो आला नव्हता.

"वर्ष वाया गेलं माहं," मुनाफ ओरडला. "ज्यानं हे केलं, त्याले माही बद्दुआ लागन. हात झडतीन त्याचे."

नथ्थूचा चेहरा उतरला. तीस वर्षांची ओळख होती. त्यानं मुनाफच्या हातून फोटो ओढून घेतला आणि उलटा केला. मागे मुनाफच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : विहिरीच्या कठड्यापासून सतरा पावलं.

"चाल. तूच मोज."

मुनाफ तरातरा विहिरीपाशी गेला आणि पावलं टाकत परत आला. सतरावं पाऊल पिवळ्या ठिपक्यांपाशी पडलं. तो पुन्हा गेला, पुन्हा मोजलं. पुन्हा सतराच.

तिघंही टेकडीकडे पाहत राहिले. थोडं थोडं बदलत गेल्यानं आजवर जे दिसलं नव्हतं, ते आता दिसत होतं.

"दगड नाई हालला," नथ्थू हळूच म्हणाला. "टेकडीच बसली. मांगून खोदून राह्यले कोनी. मुरूम नेऊन राह्यले." मग त्याचा आवाज चढला. "अन् माह्या विहिरीचे झरे त्याच टेकडीतून येतेत! म्हनून पानी खाली गेलं औंदा."

मुनाफला लाज वाटली. लाजेवर पुन्हा राग चढला, पण आता तो नथ्थूवर नव्हता.

"माफ कर मले."

"माफी राहू दे. खोदनाऱ्याचं नाव निंघालं, तं तहसीलीत लिहून देशीन? फोटोसकट?"

"देईन."

"मांगं सरकशीन."

"सख्खा असला तरी देईन. हे घे." मुनाफनं हात पुढे केला. नथ्थूनं तो घट्ट धरला.

"आता काढलेल्या फोटोत पाहा ना," पंचफुला म्हणाली. "टेकडीवर कायतरी चमकलं व्हतं मंघा."

मुनाफनं कॅमेरा उघडला. फोटो मोठा केला, अजून मोठा केला. टेकडीच्या माथ्यावर, जिथं मागच्या वर्षी नुसतं गवत होतं, तिथं एक टिपर चढून उभा होता. ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं.

"कपाळावर लिहेल हाय कायतरी," नथ्थू त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "वाच ना. माहे डोळे पोचत नाई."

फिरोजी पट्ट्यावर पांढऱ्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : अब्बा की दुआ.