घरची गाठ

घोळीच्या पोटावर तीन टाके होते. गोदूबाईने मासा ओट्यावर उलटा केला आणि सुरी लावायच्या आधीच तिचा हात थांबला.

"आमच्या मेहुलची गाठ हाय ही," ती म्हणाली.

जाळ्यात टाक्यांची घोळ लागल्याचा एकनाथचा फोन येताच चारुता माकुणसारहून स्कूटी दामटत नवापूरला आली होती. मासे कुठे जातात, कुठे राहतात हे कळावं म्हणून गेल्या वर्षी तिने बत्तीस घोळींच्या पोटात बोटाएवढं यंत्र ठेवून त्यांना परत समुद्रात सोडलं होतं. पोट ती चिरायची, टाके गोदूबाईचा मुलगा मेहुल घालायचा. तिला पाच मिनिटं लागत, त्याला एक. बत्तिसांतली ही पहिली परत आली होती.

गोदूबाईच्या घरी जाळ्याची गाठ मारताना दोऱ्याचं शेपूट उलटं आत घालतात आणि दातांत धरून ताणतात. गावात दुसऱ्या कुणाची गाठ अशी नाही. मेहुल सात वर्षांचा असताना तिनेच त्याला ती शिकवली. सैल बसली की हातावर फटका.

आश्विनात तो बोटीवरून पडला. आठ दिवस शोधलं. समुद्राने त्याचा सदरासुद्धा परत दिला नाही, आणि आज ही गाठ दिली.

"यंत्र तू ने बाय," गोदूबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "गाठ मला दे."

"तुमचीच आहे मावशी."

एकनाथ पायरीवर बसला होता. मासा त्याच्याच जाळ्यात आला होता. "पण तिची दशा बग जरा," तो म्हणाला. "डोकं घोळीचं नि अंग वाकटीचं, नुसती चपटी पट्टी. थव्यात नवती, एकटीच होती. वर ओढली तं शेपूट पण हलवलं नाय."

चारुता वाकली. टाक्यांभोवतीचं मांस पांढरं पडून विरघळलं होतं. दोरा आत उतरला होता आणि त्याच्याखाली जखम उघडीच होती. गोदूबाईने बाजूने सुरी घातली. आतडी रिकामी निघाली. यंत्र मात्र नव्यासारखं लख्ख होतं.

"यंत्रानेच झालं असेल, मावशी," चारुता तिच्याकडे न बघता म्हणाली.

"उगा खोटं नको बोलू. चाळीस वर्षं मासे कापते मी." गोदूबाईने टाक्यांवरून बोट फिरवलं. "गाठ रुतलीय."

चारुताला रडू आवरेना. "जखम आधी सुजते. टाका सैल लागतो. मी त्याला सांगायला हवं होतं. त्याचे टाके इतके सुबक पडायचे, मी बघतच राहायची."

"तू काय सांगणार? सैल गाठ मारायची नाय, हे मीच त्याला शिकवलंय."

गोदूबाईने सुरी बाजूला ठेवली.

"बाकीच्या?" गोदूबाईने विचारलं.

"एकतीस आहेत अजून."

"सगळ्यांना हीच?"

चारुताने मान खाली घातली. एकनाथ उठला आणि जाळं खांद्यावर टाकून बोटीकडे चालू लागला.

"मी कापून देते," चारुताने कात्री पुढे केली. "तुम्ही ठेवा, मावशी. त्याची आठवण आहे."

गोदूबाईने कात्री बाजूला सारली आणि गाठीत नख घातलं. मासा पहाटेच मेला होता, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी ती गाठ सोडवत बसली. नख दुमडलं तशी ती खाली वाकली आणि तिने दोऱ्याचं शेपूट दातांत धरलं, त्याला शिकवलं होतं तसंच, पण उलट्या बाजूने. गाठ हलली नाही. मेहुलने चोख बांधली होती.

"सोड रे बाबा," ती गाठीला म्हणाली, "दुखतंय तिला."